वायां जाणाऱ्या आम्लांतून लोखंड

श्रोतेहो, जस्ताचा मुलामा दिलेली बादली आपण रोज पाहतों. तो मुलामा चढण्यापूर्वीं पत्र्यावरील गंज निघावा लागतो, आणि त्यासाठीं कारखान्यांत पत्रा हायड्रोक्लोरिक आम्लांत बुडवितात. आम्ल गंज खातें. पण खाल्लेलें लोखंड त्याच्याच पोटांत सांचत जातें. शेवटीं आम्ल मंदावतें व टाकावें लागतें. तें ओढ्यांत सोडावें, तर पाणी नासतें; चुना घालून मारावें, तर चिखलाचे ढीग होतात. मग त्यांतील लोखंड तेवढें उचलून घेतां येईल काय?

येतें, आणि त्याचें मर्म १८९२ सालापासून ठाऊक आहे. त्या सालीं जर्मनींतील रोथे यांनीं दाखविलें कीं, तीव्र आम्लांतील फेरिक लोखंड ईथरबरोबर हालविलें, म्हणजे तें ईथरमध्यें जातें. ईथर झटकन् पेट घेतें. म्हणून ट्रायब्यूटिल फॉस्फेट नांवाचा तेलकट द्रव घासलेटांत मिसळून वापरतां येतो.

हें घडतें कसें? तीव्र आम्लांत क्लोराइड विपुल असतें. फेरिक लोखंडाचा प्रत्येक कण चार क्लोराइड अंगाभोंवतीं पांघरतो, आणि त्या वेषांत तो तेलास परका राहत नाहीं. निकेल असा वेष घेत नाहीं. तें खालींच राहतें. फेरस लोखंडाचेंही तसेंच. म्हणून त्यास आधीं क्लोरीन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड देऊन फेरिक करावें लागतें.

घुसळण थांबली, कीं तेल वर तरंगतें व निराळें काढतां येतें. समजा, एका घुसळणींत शंभरांपैकीं ८० भाग लोखंड तेलांत गेलें. उरलेल्या २० भागांवर तितकेंच ताजें तेल घातलें, तर ४ उरतील. तिसऱ्या खेपेस एकाहूनही कमी. एकदांच पुष्कळ तेल ओतण्यापेक्षां थोडें थोडें तेल अनेकदां वापरणें म्हणूनच फायद्याचें.

पण लोखंड तेलांत गेलें म्हणजे काम संपलें, असें नव्हे. तें सोडविलें नाहीं, तर तेलही अडकलें आणि लोखंडही. येथें साधें पाणी उपयोगी पडतें. लोखंडानें भरलेलें तेल स्वच्छ पाण्याबरोबर घुसळलें, कीं क्लोराइड विरळ होतें, लोखंडाचें पांघरूण सुटतें, आणि तें पाण्यांत उतरतें. तेल पुन्हां पहिल्या कामास मोकळें होतें. मात्र पाणी बेतानें घालावें; अधिक झालें, तर पुढें तें आटविण्यास जळण खर्चावें लागतें.

हातीं येतें तें फेरिक क्लोराइड. गढूळ पाणी निवळण्यास तें चालतें. रेडिओंत बसविण्याच्या पट्ट्यांवरील नको असलेलें तांबें कोरून काढण्यासही चालतें. मागें राहिलेलें आम्ल ताजें आम्ल मिसळून पुन्हां वापरतां येतें.

श्रोतेहो, लोखंडास घट्ट धरणारीं द्रव्यें पुष्कळ मिळतील. कारखान्यास परवडतें तें मात्र वेळेवर सोडणारें. धरणें आणि सोडणें हीं दोन्हीं साधलीं, तरच ओढ्याचें पाणी वांचतें.