ई-मेलचं बिऱ्हाड हलवताना

गेल्या दिवाळीनंतर कोल्हापूरहून मावशीचा फोन आला. "अरे, दुकानातला मुलगा म्हणतोय, या मशीनचं आता काही खरं नाही. फॉरमॅट मारतो, नाहीतर भंगारात द्या. देऊन टाकू का?" मेलबर्नला असलेल्या ताईनं तिला नवा लॅपटॉप घेऊन दिला होता. जुना संगणक २००४ सालचा, विंडोज एक्सपीवर चालणारा. मी घाईघाईनं म्हटलं, "मावशी, कुणाला हात लावू देऊ नकोस. शनिवारी येतो मी."

ताई ऑस्ट्रेलियाला गेली त्याच वर्षी काकांनी तो संगणक घेतला होता. दर रविवारी सकाळी आंघोळ उरकली की ते तिला ई-मेल लिहायला बसत. २०११ मध्ये ते गेले, तोपर्यंत हा रिवाज चुकला नाही. मावशी अजूनही अधूनमधून ते यंत्र सुरू करते, पंखा घरघरत असतो, आणि ती चष्मा लावून ती पत्रं वाचत बसते.

दुकानातल्या मुलाला मी दोष देणार नाही. त्याच्या पिढीला ई-मेल म्हणजे कुठूनही उघडावी आणि समोर दिसावी अशी गोष्ट. टपाल कंपनीच्या संगणकावर असतं आणि आपण ते खिडकीतून पाहतो. पण वीस वर्षांपूर्वी आपल्यापैकी बहुतेकांची व्यवस्था वेगळी होती. तिचं नाव 'पॉप', म्हणजेच पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल. आपला संगणक फोन लावायचा, टपाल कचेरीतली पत्रं घरी आणायचा आणि तिथली प्रत पुसून टाकायचा. 'सर्व्हरवर प्रत ठेवा' अशी एक खूण करता येत असे, पण ती करायचं कुणाला सुचत नसे, आणि परवडतही नसे. फुकटच्या टपालपेट्या तेव्हा दोन-चार मेगाबाइटच्या. जीमेलनं २००४ च्या एप्रिलमध्ये एक गिगाबाइट जागा देऊ केली, तेव्हा लोकांना ती एक एप्रिलची थट्टा वाटली होती.

म्हणजे काकांची पत्रं जगात एकाच ठिकाणी होती, त्या घरघरणाऱ्या डब्यात. ताईकडेही ती नव्हती. तिचा तेव्हाचा पत्ता नोकरीतला होता, नोकरी सुटली तसा तोही सुटला.

आता मुख्य मुद्दा. आपण म्हणतो, 'पत्रं आउटलुक एक्स्प्रेसमध्ये आहेत'. तशी ती नसतात. आउटलुक एक्स्प्रेस किंवा थंडरबर्ड हा नुसता पत्रं दाखवणारा कारकून. पत्रं असतात डिस्कवरच्या साध्या फाइलींमध्ये, आणि प्रत्येक कारकुनाची फाइल लावायची तऱ्हा निराळी. आउटलुक एक्स्प्रेस प्रत्येक फोल्डरची एक 'डीबीएक्स' फाइल करतो. इनबॉक्सची एक, पाठवलेल्या पत्रांची एक. आउटलुक हा नावानं सारखा, पण त्याचा सख्खा भाऊ नव्हे. तो सगळं एका 'पीएसटी' फाइलीत कोंबतो. थंडरबर्ड 'एमबॉक्स' नावाची जुनी युनिक्सची पद्धत वापरतो, म्हणजे एकाखाली एक पत्रं लिहिलेली लांबलचक वही. एकाची वही दुसऱ्याला वाचता येत नाही, सगळी अडचण एवढीच. आतलं प्रत्येक सुटं पत्र मात्र एकाच सर्वमान्य नमुन्यात असतं. माथ्यावर कोणाकडून, कोणाला, तारीख, विषय, आणि खाली मजकूर. हा नमुना १९८२ साली ठरला आणि १९९२ मध्ये त्यात छायाचित्रं वगैरे जोडण्याची सोय झाली. म्हणून बिऱ्हाड हलवायचं ते वह्यांचं नव्हे, सुट्या पत्रांचं.

शनिवारी पोचलो. चहा व्हायच्या आत पहिलं काम केलं ते डीबीएक्स फाइली जशाच्या तशा पेन ड्राइव्हवर उतरवून घेण्याचं. त्या विंडोजनं एका लपवलेल्या फोल्डरात ठेवलेल्या असतात, म्हणून घाऊक कॉपी करताना त्या हमखास राहून जातात. लोक 'माय डॉक्युमेंट्स' उचलतात आणि सगळं घेतलं असं समजतात. लपलेल्या फाइली दाखवण्याची सोय सुरू करून डीबीएक्स असा शोध घेतला की सापडतात. कितीही घाई असली तरी ही पायरी गाळू नका. पुढे काहीही बिघडलं तरी या प्रतीवरून पुन्हा सुरुवात करता येते.

मग आउटलुक एक्स्प्रेस उघडून, एकेका फोल्डरातली सगळी पत्रं निवडून, ती माउसनं ओढून डेस्कटॉपवरच्या एका रिकाम्या फोल्डरात टाकली. एवढं केलं की प्रत्येक पत्राची एक स्वतंत्र 'ईएमएल' फाइल तयार होते आणि पत्राचा विषय हेच तिचं नाव होतं. रेडिओवर हे दाखवता येत नाही, पण करायला ते सांगण्यापेक्षा सोपं आहे. फाइलींवर आजची तारीख दिसते, त्यानं माझ्याही पोटात गोळा आला होता. घाबरू नका, खरी तारीख पत्राच्या माथ्यावर असते आणि ती तशीच राहते.

नव्या लॅपटॉपवर थंडरबर्ड घेतला. २००४ च्या डिसेंबरात त्याची पहिली पक्की आवृत्ती आली, आणि तो आजही फुकट मिळतो. त्याला 'इम्पोर्ट-एक्स्पोर्ट-टूल्स एनजी' नावाची एक पुरवणी जोडता येते. ती ईएमएल फाइलींचं अख्खं फोल्डर एका दमात आत घेते.

सगळं आलं असं वाटलं, तेव्हा मी मोजणीला बसलो. पेन ड्राइव्हवरच्या डीबीएक्स फाइलींची यादी आणि थंडरबर्डमधली फोल्डरं समोरासमोर धरली, तर एक फाइल जास्त. इनबॉक्सच्या पोटात काकांनी 'पदार्थ' नावाचं एक फोल्डर केलं होतं, आणि शेजारचं अधिकचं चिन्ह दाबलं नसल्यामुळे मला ते दिसलंच नव्हतं. आत अडतीस पत्रं. ताई विचारायची, मावशी ओट्यापाशी उभी राहून सांगायची आणि काका टंकत. पांढऱ्या रश्शाचं एक पत्र तर तीन वेळा दुरुस्त करून पाठवलेलं. मी ती मोजणी केली नसती, तर आम्हाला कधी कळलंही नसतं.

पत्त्यांचं प्रकरण निराळं. पत्ते पत्रांबरोबर येत नाहीत, त्यांची वही वेगळी असते. ती बाहेर काढायची ती 'सीएसव्ही' या साध्या तक्त्यात. मग नवा कारकून विचारतो, पहिल्या रकान्यात काय आहे, नाव की आडनाव? इथे घाईनं 'ओके' म्हटलं की फोन नंबरांच्या जागी गावं येऊन बसतात. माझी चूक मात्र त्याआधीची. तक्ता जरा नीट करावा म्हणून मी तो एक्सेलमध्ये उघडला, काही नावं देवनागरीत लिहिली आणि जतन केला. पुन्हा उघडून पाहतो तो नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. कोल्हापूरच्या ०२३१ मधलं शून्य गळालेलं, आणि ९१ लावलेले मोबाइल नंबर गणिताच्या पुस्तकातल्यासारखे दशांशचिन्हात आकसलेले. जतन करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा प्रकार निवडला की देवनागरी टिकते. नंबरांसाठी मात्र तो तक्ता एक्सेलमध्ये उघडूच नये, नोटपॅडमध्ये दुरुस्त करावा. थोड्याच लोकांचे पत्ते असतील तर 'व्हीकार्ड' बरं. त्यात एकेका माणसाचं कार्डच तयार होतं आणि ते फोनलाही वाचता येतं.

संध्याकाळी मावशीला बोलावलं आणि काकांचं एक पत्र उघडलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांची खिचडी. मावशीचा चेहरा उतरला. पत्र बिघडलेलं नव्हतं. युनिकोड रुळण्यापूर्वी आपण मराठी लिहायचो ती अशी की आत इंग्रजी अक्षरांचे क्रमांक आणि वर मराठी अक्षरांचा मुखवटा. तो मुखवटा म्हणजे फॉन्ट, आणि तो जुन्याच संगणकावर राहिला होता. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरातून ती एक फाइल आणून बसवली आणि थंडरबर्ड पुन्हा सुरू केला. 'चि. सौ.' अशी सुरुवात दिसली. तुमच्याकडे २००५ च्या आसपासची मराठी पत्रं असतील, तर पत्रांबरोबर फॉन्टही उचला. पुढे ती युनिकोडमध्ये बदलून घेता येतात, पण त्यासाठी कोणता फॉन्ट होता हे तरी माहीत हवं.

कुणाकडे युडोरा असेल तर एक सावधगिरी. इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ साली तो लिहिला आणि युडोरा वेल्टी या लेखिकेचं नाव त्याला दिलं. पत्रांना जोडून आलेल्या फाइली तो पत्रातून काढून वेगळ्या फोल्डरात ठेवत असे. ते फोल्डर राहिलं तर पत्रं येतील, फोटो येणार नाहीत. पीएसटीवाल्यांनी ती फाइल जुन्या धाटणीच्या आउटलुकमध्ये उघडावी आणि पत्रं जीमेलसारख्या 'आयमॅप' खात्यावर ओढावीत, तिथून ती कोणत्याही कारकुनाला घेता येतात. एका वेळी दोन-तीनशेच ओढा, हजारो एकदम ओढली की मध्येच अडकतात आणि कुठवर गेली ते कळत नाही. हा उद्योग एक्सपीच्या यंत्रावरून मात्र होणार नाही, आजच्या टपालसेवा इतक्या जुन्या कार्यक्रमांना दारात उभं करत नाहीत.

रविवारी निघण्यापूर्वी जुन्या संगणकातली हार्ड डिस्क काढून, फडक्यात गुंडाळून मावशीच्या लोखंडी कपाटात ठेवली. उरलेला डबा भंगारवाल्याला दिला. पेन ड्राइव्हची एक प्रत मी आणली, एक ताईला पाठवली. मावशी लॅपटॉपसमोर बसली होती. थोड्या वेळानं म्हणाली, "अक्षर जरा मोठं होतं का रे?" कंट्रोल दाबून धरून अधिकचं चिन्ह दाबायचं, हे तिला शिकवलं आणि बस गाठली.