कालप्रवासी बालनट

नाटकाचे नाव काढताच पुष्कळ पालकांच्या कपाळास आठ्या पडतात. मुलगा अभ्यास सोडून भलत्याच नादी लागेल, अशी त्यांस धास्ती वाटते. ती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. तथापि रंगभूमीने एका पोरक्या मुलास कसे सावरले हे सांगणारी एक इंग्रजी बालकादंबरी आमच्या वाचनात आली. तिचा परिचय वाचकांस करून देणे आम्हांस उचित वाटते.

सुझन कूपर या लेखिकेची ‘किंग ऑफ शॅडोज’ ही कादंबरी १९९९ साली प्रसिद्ध झाली. नॅट फील्ड हा आईबाप गमावलेला अमेरिकन मुलगा. लंडन येथे नव्याने उभारलेल्या ग्लोब नाटकगृहात शेक्सपिअरच्या नाटकातील ‘पक’ या खोडकर यक्षाची भूमिका करण्यास तो येतो, आजारी पडून निजतो, आणि जागा होतो तो १५९९ सालात! तेथे खुद्द शेक्सपिअर त्याच्यासमवेत रंगमंचावर उतरतो. या कवीचा पुत्र हॅम्नेट १५९६ साली, अवघ्या अकराव्या वर्षी निवर्तला होता. पुत्रवियोगी पिता व पितृहीन बालक यांचा स्नेह हाच या कथेचा गाभा होय.

त्या काळची रंगभूमी कशी होती? ग्लोबचे मधले अंगण उघडे. प्रयोग दिवसाउजेडी होत आणि एका पेनीत उभ्याने पाहता येत. १६६० पर्यंत इंग्लंडातील धंदेवाईक नाटकांत नायिकांची कामे मुलगेच करीत. नटास संपूर्ण नाटक हाती मिळत नसे. केवळ स्वतःची भाषणे आणि त्यांपूर्वीचे दोनचार शब्द मिळत. म्हणून इतरांचे बोलणे कान देऊन ऐकणे त्यास भागच असे.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे वाटते काय? तर मग हुपरीहून जवळच्या कोल्हापुराकडे पाहावे. तेथे १८९० साली जन्मलेल्या केशवराव भोसले यांचे वडील लहानपणीच वारले. नाटक मंडळीत ते वाढले, देवलांच्या ‘शारदा’ नाटकात शारदा झाले, आणि १९०८ साली हुबळी येथे त्यांनी ‘ललितकलादर्श’ मंडळी स्थापिली. १९२१ साली, एकतिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

ग्लोब १६१३ साली तोफेच्या ठिणगीने जळाले व पुढल्याच वर्षी पुन्हा उभे राहिले. शाहू महाराजांनी बांधविलेले आणि पुढे केशवरावांचे नाव दिलेले कोल्हापूरचे नाट्यगृहही ८ ऑगस्ट २०२४ रोजी, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. लाकूड जळते; परंतु एकाने दुसऱ्यास शिकविलेली विद्या जळत नाही.

नॅटचे दुःख नाटकाने नाहीसे झाले नाही. ते बोलून दाखविण्यास त्यास वाणी मिळाली व ऐकणारा मिळाला. असे मुके दुःख बाळगणारे मूल कोणत्याही वर्गात असू शकते. म्हणून स्नेहसंमेलनाच्या वेळी आपले मूल तोंडास रंग लावू पाहील, तेव्हा पालकांनी रागावण्यापूर्वी क्षणभर त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.