गिओनचा उत्सव आणि डोंगरावरील बांबू

जपानमधील क्योटो हे शहर हजार वर्षांहून अधिक काळ त्या देशाची राजधानी होते. तेथील गिओनचा उत्सव दर वर्षी जुलै महिनाभर चालतो आणि त्यातील रथयात्रा पाहण्यास लक्षावधी लोक लोटतात. या उत्सवाचा उगम आनंदात नसून भयात आहे. इ. स. ८६९ मध्ये देशात रोगाची मोठी साथ पसरली. तेव्हा जपानच्या ६६ प्रांतांचे प्रतीक म्हणून ६६ लांब दांड्याची शस्त्रे राजवाड्याच्या उद्यानात उभारून रोगनिवारणासाठी प्रार्थना करण्यात आली. त्या विधीतूनच पुढे उत्सव वाढला.

‘गिओन’ या नावाचे मूळ भारतात आहे, हे वाचून अनेकांना नवल वाटेल. श्रावस्ती येथे अनाथपिंडिक श्रेष्ठीने भगवान बुद्धांना जे जेतवन अर्पण केले, त्याच्या चिनी नावाचे संक्षिप्त जपानी रूप म्हणजे गिओन. या जेतवनाचा रक्षक मानलेला वृषभमुख देव गोझु तेन्नो हा साथीच्या रोगांचा अधिपती समजला जाई. त्याचे क्योटोतील देवस्थान १८६८ पर्यंत गिओन याच नावाने ओळखले जात असे. आज त्यास यासाका देवालय म्हणतात.

उत्सवात एकूण ३४ रथ असतात. त्यांपैकी २३ रथ १७ जुलै रोजी व ११ रथ २४ जुलै रोजी निघतात. मोठ्या रथांची उंची शिखरापर्यंत सुमारे २५ मीटर आणि वजन सुमारे १२ टन भरते. एवढा डोलारा उभारताना लोखंडी खिळा वापरत नाहीत. लाकडी सांगाड्याचे सांधे भाताच्या पेंढ्याच्या दोरांनी, ठरलेल्या नक्षीत, घट्ट आवळून बांधतात. चालताना रथ डुलतो, त्या वेळी दोरांचे बंध किंचित ताणले जातात आणि धक्का शोषून घेतात. खिळ्यांनी जखडलेला सांगाडा अशा वेळी तडकला असता. रथाच्या पुढच्या चाकांना दिशा बदलता येत नाही. म्हणून चौकात आल्यावर चाकांखाली हिरव्या बांबूच्या कामट्या पसरतात, त्यांवर पाणी ओततात आणि दोरखंडांनी ओढून सबंध रथ घसरवत काटकोनात वळवतात. मिरवणूक संपताच रथ उतरवून त्याचे भाग भांडारात ठेवले जातात व पुढील वर्षी तेच पुन्हा जोडले जातात. रथांच्या अंगावर मिरवणारी वस्त्रेही अशीच पिढ्यान् पिढ्या जपलेली आहेत. त्यांत सोळाव्या शतकातील बेल्जियमचे चित्रपट आहेत, तसेच भारतात विणलेले जुने गालिचेही आहेत. २००९ मध्ये युनेस्कोने या रथयात्रेचा मानवजातीच्या अमूर्त वारशात समावेश केला.

मिरवणुकीचा हा व्यवहार मूलतः काटकसरीचा आहे. लाकूड, पेंढा, बांबू आणि कापड यांपैकी बहुतेक वस्तू पुन्हा वापरल्या जातात आणि ज्या टाकल्या जातात त्या कुजून मातीत मिसळू शकतात. मग कचरा येतो कोठून? तो येतो मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी. १५ व १६ जुलै रोजी दिवे लावलेले रथ पाहण्यासाठी मधले हमरस्ते वाहनांना बंद केले जातात आणि दुतर्फा खाद्यपदार्थांची पाले लागतात. परतलेल्या शेवया, भाजलेले मांस, किसलेल्या बर्फाचे पेले असे सर्व काही उभ्या उभ्या खाल्ले जाते आणि रिकामे भांडे जागा सापडेल तेथे टाकले जाते. २०१४ च्या आधीच्या काळात या कचऱ्याचे वजन ६० टनांच्या आसपास जात असे.

वजनापेक्षाही अधिक त्रासदायक असते ती या कचऱ्याची सरमिसळ. स्वच्छ कागद किंवा स्वच्छ प्लॅस्टिक यांपासून पुन्हा माल तयार करता येतो. परंतु तेलाने माखलेला कागद, थर्मोकोलची थाळी, बांबूची काडी आणि उरलेले अन्न एकाच पिशवीत आले, की त्यांस वेगळे करणे जवळ जवळ अशक्य होते. जपानमध्ये शहरी कचऱ्यातील बहुतांश भाग जाळला जातो. ओले अन्न मिसळलेला कचरा जाळताना मात्र बरीचशी उष्णता त्यातील पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते.

२०१४ मध्ये क्योटोतील काही नागरिक, व्यावसायिक व संस्था यांनी एकत्र येऊन ‘कचरा शून्य’ मोहीम आरंभिली. पालवाल्यांना धुऊन पुन्हा वापरता येतील अशी प्लॅस्टिकची टिकाऊ भांडी पुरवण्यात आली. त्या वर्षी सुमारे २ लक्ष १० हजार वेळा पदार्थ वाढता येतील इतकी ही व्यवस्था होती. रस्तोरस्ती संकलन केंद्रे उभारली गेली आणि सुमारे दोन हजार स्वयंसेवक तेथे उभे राहिले. खाणाऱ्याने भांडे परत आणून द्यावयाचे, उरलेले अन्न एकीकडे आणि बाटल्या व डबे दुसरीकडे टाकावयाचे, अशी पद्धत होती. गोळा झालेली भांडी धुण्यासाठी पाठवली जात. पहिल्याच वर्षी कचरा लक्षणीय प्रमाणात घटला. २०१७ मध्ये ओसाका शहरातील तेन्जिन उत्सवातही अशीच मोहीम सुरू झाली.

धुऊन वापरण्याचे भांडे नेहमीच निसर्गाला हितकारक असते, असे मात्र नाही. जाड भांडे घडवण्यास पातळ थाळीपेक्षा कितीतरी अधिक कच्चा माल लागतो. शिवाय धुण्याचे गरम पाणी आणि ने-आण करणारी वाहने यांचा खर्च असतोच. हा भार फेडला जातो तो एकच भांडे अनेकदा वापरल्याने. समजा, १०० भांड्यांपैकी दर खेपेस १० हरवतात. पहिल्या खेपेस १०० भांडी वापरात येतील, दुसऱ्या खेपेस ९०, तिसऱ्या खेपेस ८१, आणि असेच पुढे. या सर्वांची बेरीज १,००० होते. म्हणजे प्रत्येक भांडे सरासरीने १० वेळा वापरले गेले. दर खेपेस २५ भांडी हरवू लागली, तर हीच सरासरी अवघ्या ४ वर येते. आणि केवळ २ हरवली, तर ती ५० वर जाते. परतीच्या प्रमाणात थोडा फरक पडला, तरी परिणामात फार मोठा फरक पडतो. यावरून त्या दोन हजार स्वयंसेवकांचे काम केवळ शोभेचे नव्हते, हे कळून येईल. अन्य काही ठिकाणी याच कारणास्तव भांड्यासाठी अनामत रक्कम घेतली जाते.

रस्त्यावरील कचरा दिसतो, म्हणून त्याची चर्चा होते. उत्सवाला लागणारी सामग्री जेथून येते, त्या डोंगरावर काय घडत आहे याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आणि खरी अडचण तेथेच आहे.

या उत्सवात ‘चिमाकी’ नावाचे एक रक्षासूत्रासारखे मंगलचिन्ह मिळते. चिमाकी हे एरवी पानात गुंडाळलेल्या एका खाद्यपदार्थाचे नाव आहे, पण गिओनची चिमाकी खाण्यासाठी नसते. पेंढ्याच्या गाभ्याभोवती ठेंगण्या बांबूची रुंद पाने गुंडाळून त्या एका जातीच्या लव्हाळ्याने बांधतात आणि अशा दहांची एक जुडी करतात. ती वर्षभर घराच्या दारावर टांगली जाते. सोमिन शोराइ नावाच्या एका गरीब मनुष्याने वाटसरूच्या रूपात आलेल्या देवाचे आतिथ्य केले, म्हणून देवाने त्याच्या वंशजांस रोगराईपासून अभय दिले, अशी कथा आहे. त्या वंशाचे आम्ही, अशी खूण ही जुडी दारावर पटवते.

पाने देणारा हा बांबू ‘सासा’ या वर्गातील असून तो क्योटोच्या उत्तरेकडील हानासे, बेश्शो या डोंगराळ भागांत जंगलाच्या सावलीत वाढतो. येथील पानांच्या मागच्या बाजूला लव नसते. ती चकचकीत व सुगंधी असतात. त्यामुळे मिठाई गुंडाळण्यासाठीही त्यांना मागणी असते. उन्हाळ्यात त्या वर्षीची नवी पाने खुडून उन्हात वाळवतात. पाण्यात भिजवली की ती पुन्हा मऊ होतात. जमिनीखालचे खोड शाबूत राहत असल्याने दर वर्षी पाने खुडली तरी बन टिकून राहते. शतकानुशतके हा क्रम चालू होता.

बांबूच्या अनेक जाती आयुष्यात एकदाच फुलतात आणि बी धरून मरतात. मिझोरममध्ये सुमारे ४८ वर्षांनी येणारा ‘मौताम’ आणि सह्याद्रीत काही वर्षांच्या अंतराने फुलणारी कारवी ही याच धर्तीची उदाहरणे होत. क्योटोच्या डोंगरावरील सासा २००४ ते २००७ या काळात असाच फुलून सामूहिकरीत्या वाळून गेला. ही काही आपत्ती नव्हती. पडलेल्या बियांतून रोपे येतात आणि साधारण दहाएक वर्षांत बन पूर्ववत होऊ लागते. परंतु या खेपेस रोपे वाढलीच नाहीत. कोवळे कोंब हरणांनी खाऊन टाकले.

हरणे एवढी कशी वाढली, याला कारणे अनेक आहेत. त्यांना मारून खाणारा होन्शू बेटावरील लांडगा १९०५ नंतर दिसलेला नाही. एके काळी हरणेच दुर्मीळ झाली होती, म्हणून माद्यांच्या शिकारीस अनेक दशके बंदी होती. पुढे त्यांची संख्या वाढली, तेव्हा डोंगरातील खेडी वृद्धांची झाली होती आणि शिकारी उरले नव्हते. हिवाळ्यातील बर्फ कमी झाल्यानेही अधिक हरणे जगू लागली. यांतील एकही गोष्ट उत्सवाशी संबंधित नव्हती, तरी तिचा परिणाम उत्सवावर झाला: चिमाकीसाठी पाने दुसऱ्या प्रदेशांतून आणावी लागली.

पेंढ्याचीही स्थिती फारशी वेगळी नाही. कापणी व मळणी एकदम करणारे यंत्र शेतात आले, की पेंढ्याचे तुकडे होऊन ते शेतातच पसरले जातात. दोर वळण्यासारखा लांब, अखंड पेंढा मिळवायचा तर तो मुद्दाम राखावा लागतो.

सासाच्या पुनरुज्जीवनासाठी खेड्यातील लोक, संशोधक आणि शहरातील कार्यकर्ते यांनी जो उपाय योजला, तो अगदी साधा आहे. जेथे थोडी रोपे जिवंत होती, त्या जागांभोवती जाळीची कुंपणे घालण्यात आली. कुंपणाच्या आत काही वर्षांत सासा पुन्हा दाटू लागला. बाहेरची जमीन उघडीच राहिली. पण हिमभाराने आणि कोसळलेल्या झाडांनी जाळी फाटते, एका फटीतून हरीण आत शिरले तर वर्षाची वाढ जाते; म्हणून चढावर चालत जाऊन कुंपणाची पाहणी वारंवार करावी लागते. सासाचे पुष्पचक्र सुमारे ६० वर्षांचे मानले जाते. त्या हिशोबाने आता वाढत असलेले बन २०६० च्या दशकात केव्हातरी फुलेल आणि पुन्हा मरेल. त्या वेळी बियांतून आलेल्या रोपांना कुंपणाची गरज पडेल की नाही, हे तेव्हा डोंगरावर हरणे किती आहेत यावर अवलंबून राहील.