धूर नोव्हेंबरचा, हिशेब जूनचा

पंजाबात भाताची लावणी कोणत्या तारखेला सुरू करायची हे शेतकरी ठरवत नाही, सरकार ठरवते. २००९ साली तिथे भूजल वाचवण्यासाठी कायदा झाला. १० मेच्या आधी रोपे टाकायची नाहीत आणि १० जूनच्या आधी लावणी करायची नाही. मोडला तर हेक्टरी, दर महिन्याला दहा हजार रुपये दंड. शिवाय लावलेले भात मोडून टाकण्याचा अधिकार अधिकाऱ्याला, आणि मोडण्याचा खर्चही शेतकऱ्याच्याच माथी. हरियाणानेही त्याच वर्षी असाच कायदा केला. दिवाळीच्या सुमारास दिल्लीवर जो धूर बसतो, त्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. तो धूर कुठून येतो हे नीट समजून घ्यायचे तर जूनमधल्या या तारखेपासून सुरुवात करावी लागते.

मे महिन्यात पंजाबात पारा चाळिशीच्या वर असतो आणि मोसमी पाऊस पोचायला जूनअखेर, कधी जुलै उजाडतो. तरीही शेतकरी मेमध्येच चिखलणी करून भात लावत. आभाळातून थेंब नाही, म्हणजे खाचरात साचवलेले सगळे पाणी बोअरचे. त्यातले कितीतरी नुसत्या उन्हाने उडून जाणारे. लावणी पुढे ढकलली की पावसाचा हातभार मिळेल, हा विचार चुकीचा नव्हता.

मुळात भात हे पंजाबचे पीक नव्हे. तिथल्या ताटात रोटी असते. १९६०-६१ मध्ये राज्यात भाताखाली जेमतेम सव्वादोन लाख हेक्टर जमीन होती. आज ती ३१ लाख हेक्टरच्या आसपास आहे. हा बदल देशाने मागून घेतला. साठच्या दशकात अमेरिकी गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसण्याची वेळ आपल्यावर आली होती. १९६५ मध्ये अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग उभे राहिले, १९६६ मध्ये मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचे १८ हजार टन बियाणे आले, लुधियानाच्या कृषी विद्यापीठाने ते शेतात रुजवले. गव्हापाठोपाठ भात आले. देशाच्या भूभागाचा दीड टक्का असलेल्या या राज्याने वर्षानुवर्षे केंद्राच्या कोठारात तांदळाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त भर घातली. देशभरच्या रेशन दुकानांत जो तांदूळ मिळाला, त्यातला बराचसा बोअरच्या याच पाण्यावर पिकलेला होता. पंजाबच्या शेतकऱ्याला बोल लावण्याआधी एवढे तरी लक्षात ठेवायला हवे.

आता पाण्याचे. १९९७ पासून पंजाबात शेतीपंपांना वीज मोफत आहे; मध्ये दोन-तीन वर्षांचा खंड पडला तेवढाच. विजेवर चालणारे बोअर आज चौदा लाखांच्या घरात आहेत. भाताच्या हंगामात रोज साधारण आठ तास थ्री-फेज वीज मिळते, तीही पाळीपाळीने, कधी मध्यरात्री. म्हणून मोटारीला ऑटो-स्टार्टर लावलेला असतो. वीज आली की मोटार आपोआप सुरू होते आणि वीज जाईपर्यंत चालते. खाचराला पाणी हवे आहे की नाही, हा प्रश्न त्या डब्याला पडत नाही आणि बिल नसल्यामुळे मालकालाही पडत नाही. पूर्वी पाणी इतके वर होते की जमिनीवर ठेवलेला सेंट्रिफ्युगल पंप ते ओढून घेई. असा पंप फार तर आठ-नऊ मीटर खालचे पाणी खेचू शकतो. पातळी त्याखाली गेली तेव्हा लोकांनी खड्डा खणून पंप त्यात उतरवला. पाणी आणखी खाली गेले, खड्डा आणखी खोल झाला, आणि शेवटी सबमर्सिबल बसवण्यावाचून इलाज उरला नाही. त्याला खोल बोअर लागतो, जास्त अश्वशक्तीची मोटार लागते, म्हणजे कर्ज आले. ज्याची ऐपत नव्हती त्याने शेजाऱ्याकडून पाणी विकत घेतले किंवा जमीन खंडाने दिली. वीज फुकट असूनही लहान शेतकऱ्याला पाणी दर वर्षी महाग होत गेले, ही या धोरणातली सर्वांत क्रूर गोष्ट मला वाटते.

केंद्रीय भूजल मंडळाच्या अलीकडच्या मोजणीनुसार पंजाबात जमिनीत दर वर्षी मुरणाऱ्या, वापरता येण्याजोग्या १०० लिटर पाण्यामागे दीडशे लिटरहून जास्त उपसले जाते. दीडशेच्या आसपास तालुका-गटांपैकी शंभरावर गट अतिशोषित आहेत. एक किलो तांदळासाठी पंजाबात पाच हजार लिटरहून अधिक पाणी लागते, असा कृषी मूल्य आयोगाचाच हिशेब आहे.

म्हणूनच २००९ चा कायदा आला, आणि त्याने पाण्याला थोडी उसंत दिली. पण लावणी पुढे गेली तशी काढणीही पुढे सरकली. भात निघते ऑक्टोबरच्या उत्तरार्धात. गहू नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरला नाही तर उतारा घटतो. मध्ये हाताशी राहतात पंधरा-वीस दिवस. त्यात काढणी कम्बाइनने होते. कम्बाइन लोंब्या कापून घेतो. शेतात गुडघ्याएवढी धसकटे उभी राहतात आणि वर मोकळ्या पेंढ्याच्या रांगा पडतात. गव्हाचे काड कुट्टी करून जनावरांना घालतात, त्याला बाजार आहे. भाताच्या पेंढ्यात सिलिका जास्त असल्याने तिथली जनावरे तो फारसा खात नाहीत. पंजाबात असा पेंढा दर वर्षी दोन कोटी टनांच्या आसपास निघतो. तिथे त्याला पराली म्हणतात. गोळा करायचा तर बेलर यंत्राची वाट पाहायची, गाडायचा तर ट्रॅक्टरचे दोन-तीन फेरे आणि डिझेल. काडेपेटीला काहीच खर्च नाही. पेंढा कायद्याआधीही जाळत होते, कम्बाइन आले तेव्हापासून. फरक पडला तो वेळेचा. आता आगी नेमक्या त्या दिवसांत लागतात जेव्हा वारा मंदावलेला असतो, रात्री गार हवेचा थर जमिनीलगत बसतो आणि धूर वर जाऊ शकत नाही.

हा धूर आधी शिरतो तो पंजाबच्याच गावांत, पेटवणाऱ्याच्याच मुलाबाळांच्या छातीत. दिल्लीच्या गदारोळात ते कुणाला दिसत नाही. ऐन हंगामातल्या वाईट दिवशी दिल्लीच्या हवेतल्या सूक्ष्म कणांत परालीचा वाटा एक तृतीयांशाच्याही वर गेलेला आहे. वर्षभराचा हिशेब काढला तर मात्र वाहने, बांधकामाची धूळ आणि कारखाने पुढे असतात. उपग्रहाने टिपलेल्या पंजाबातल्या आगी २०२० मध्ये ८३ हजार होत्या, २०२४ मध्ये सुमारे ११ हजार. घट खरी आहे, पण आकड्यात दिसते तेवढी नाही. मोजणी करणारे मुख्य उपग्रह दुपारी ठरावीक वेळी डोक्यावरून जातात, आणि जाळण्याची वेळ संध्याकाळकडे सरकल्याचे संशोधकांनी दाखवून दिले आहे. दंड, गुन्हे, सातबाऱ्यासारख्या जमिनीच्या नोंदीत लाल शेरा, सगळे करून झाले. यंत्रेही आली. हॅपी सीडर धसकटांतच गहू पेरतो आणि चांगला पेरतो. मात्र त्याला दणकट ट्रॅक्टर लागतो आणि त्याच पंधरा दिवसांत तो सगळ्या गावाला हवा असतो. संगरूर जिल्ह्यातल्या लेहरागागा इथे २०२२ मध्ये परालीपासून गॅस बनवणारा मोठा प्रकल्प सुरू झाला. त्याची क्षमता वर्षाला लाखभर टन पेंढ्याची. दोन कोटी टनांपुढे असे किती प्रकल्प लागतील याचा हिशेब सोपा आहे.

भात कमी करा, हा सल्ला जुना आहे. अर्थतज्ज्ञ सरदारा सिंग जोहल यांच्या समितीने १९८६ मध्येच गहू-भाताखालचे वीस टक्के क्षेत्र दुसऱ्या पिकांकडे वळवा असे सांगितले होते. त्यानंतर भात वाढतच गेले, कारण हमीभावाने, मंडीत, ठरल्या दिवसांत हमखास खरेदी होते ती गहू आणि भाताचीच. २०२२ मध्ये पंजाब सरकारने मूग हमीभावाने घेऊ असे जाहीर केले. क्विंटलला ७,२७५ रुपये भाव होता. शेतकऱ्यांनी विश्वास ठेवून मूग पेरला, आणि त्यातला बहुतेक माल व्यापाऱ्यांनी हमीभावाखाली उचलला. असा अनुभव गाठीशी आला की पुढच्या वर्षी शेतकरी पुन्हा चिखलणीच करणार. हरियाणाने भात सोडणाऱ्याला एकरी सात हजार रुपये देऊ केले, तेही पुरेसे ठरले नाहीत. २०२५ मध्ये तर पंजाबने लावणी पुन्हा १ जूनपासून टप्प्याटप्प्याने खुली केली. धुराचा ताण कमी व्हायचा तर पाण्यावर ताण येणार, हे माहीत असूनही.

हे सगळे आपल्यापासून दूर नाही. महाराष्ट्रात एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज मोफत झाली आहे. आपल्याकडे भाताच्या जागी ऊस आहे: लागवडीखालच्या क्षेत्रात वाटा थोडा, सिंचनाच्या पाण्यात निम्म्याहून अधिक. उसाला कायद्याने बांधलेला किमान दर, म्हणजे एफआरपी आहे, माल उचलणारा कारखाना आहे. तुरीला काय आहे, ते २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्याने पाहिले. पीक भरघोस आले, हमीभाव बोनससह ५,०५० रुपये होता, आणि खरेदी केंद्रांवर बारदाना संपला म्हणून शेतकरी तुरीच्या गाड्या लावून दिवसेंदिवस रांगेत बसले. एप्रिलमध्ये खरेदी बंद झाली तेव्हाही रांगा संपल्या नव्हत्या. मोफत विजेची मुदत मार्च २०२९ पर्यंत आहे. तेवढ्या काळात तूर, हरभरा, ज्वारीची खरेदी उसाइतकी पक्की करणे सरकारच्या हातात आहे. त्यासाठी लागणारी केंद्रे, गोदामे आणि बारदान्याची तरतूद येत्या प्रत्येक अर्थसंकल्पात शोधून पाहिली पाहिजे, आणि नसेल तर आमदारांना विचारले पाहिजे.