तबकडीवरील गाणें आणि वऱ्हाडांतील श्रोता

गाणें ऐकणें आणि गाण्याविषयीं मत बनविणें या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिलीला कान पुरतो. दुसरीला कानाबरोबर थोडा विवेकहि लागतो. मैफलींत बसलेल्या माणसाला हा भेद फारसा जाणवत नाहीं, कारण तेथें गाणें एकदां होऊन जातें व मागें उरते ती केवळ आठवण. तबकडीची गोष्ट निराळी. तीच तान, तोच श्वास, तीच हरकत ती शंभर वेळां कानांपुढें ठेवते. असें असूनहि एकाच तबकडीविषयीं दोघां श्रोत्यांचीं मतें जुळत नाहींत. इतकेंच नव्हे, तर एकाच श्रोत्याचें विसाव्या वर्षींचें मत पन्नासाव्या वर्षीं पुष्कळदां टिकत नाहीं. असें कां व्हावें, हें समजून घेण्यास वऱ्हाडाशीं नातें असलेल्या कांहीं ध्वनिमुद्रणांचा चांगला उपयोग होतो.

तबकडी ही वस्तु मुळांत काय आहे, हें प्रथम पाहिलें पाहिजे. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आले आणि त्यांनीं गौहरजान या प्रसिद्ध गायिकेचा आवाज मुद्रित केला. त्या काळीं या कामीं विजेचा उपयोग होत नसे. गाणारानें एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशीं जाऊन जोरानें गावयाचें, हवेच्या कंपनांनीं सुई हालावयाची आणि मेणाच्या थाळीवर नागमोडी रेघ कोरली जावयाची, असा तो सारा खटाटोप होता. तबकड्या छापल्या जात त्या दूर जर्मनींत, हॅनोव्हर येथें. गाणें संपतांच गौहरजान आपलें नांव इंग्रजींत मोठ्यानें सांगत. परदेशांतील कामगारांस आवाजाची ओळख पटावी, हा त्यांतील हेतु असल्याचें सांगतात. आज तो उच्चार ऐकून हसूं येतें. परंतु कलावंताला यंत्राशीं किती तडजोड करावी लागली, याचा तो बोलका पुरावा आहे.

दुसरी तडजोड वेळेची. मिनिटाला सुमारें ७८ फेरे घेणारी दहा इंची तबकडी एका बाजूस जेमतेम तीन मिनिटें वाजे. पाश्चात्य देशांतहि हीच अडचण होती. आर्थर निकिश यांनीं बर्लिनच्या वाद्यवृंदाकडून १९१३ सालीं बीथोव्हेनची पांचवी सिंफनी मुद्रित करविली, तेव्हां ती एका तबकडीवर मावणें शक्यच नव्हतें. अशा अनेक तबकड्या कागदी पाकिटांच्या जाड पुस्तकांत घालून विकल्या जात. तें पुस्तक दिसावयास छायाचित्रांच्या अल्बमसारखें, म्हणून त्यासहि अल्बम म्हणूं लागले. पुढें सारें गाणें एका तबकडीवर मावूं लागलें, पुस्तक गेलें, पण नांव राहिलें.

आतां अमरावतीस अंबागेटाजवळच्या, किंवा अकोल्याच्या जुन्या शहरांतील एखाद्या घरांतला श्रोता डोळ्यांपुढें आणावा. चावीचा ग्रामोफोन आजोबांच्या वेळचा आहे, आणि तबकड्यांची पेटी तीन पिढ्यांनीं थोडी थोडी भरलेली आहे. तो प्रथम किराणा घराण्याचे खांसाहेब अब्दुल करीमखां यांची झिंझोटींतील ठुमरी लावतो. खांसाहेब १९३७ सालीं वारले. त्यांच्या उत्तरवयांतील या तबकड्या आहेत. पहिल्या ऐकण्यांत श्रोत्याचें मन हिरमुसतें. देवळाचें दार उघडावें आणि मूर्ति डोळे भरून पाहावी तोंच तें बंद व्हावें, तशी ती तीन मिनिटें संपतात. पण दहाव्या खेपेस त्याच्या ध्यानांत येतें कीं, घाई गाण्यांत नाहींच. घाई होती ती आपल्या मनांत. स्वर शांतपणें लागतात, शब्द आर्ततेनें येतात, आणि कोठेंहि कांहीं कोंबल्यासारखें वाटत नाहीं. तीन मिनिटांत काय सांगावयाचें आणि काय सोडावयाचें, याचा निवाडा गवयानें आधींच केलेला आहे. मात्र यावरून खांसाहेबांच्या मैफलीचें मोजमाप करूं नये. तबकडी हा मैफलीचा तुकडा नव्हे. तो गाण्याचा एक स्वतंत्र, लहान प्रकार आहे.

नाट्यगीतांच्या बाबतींत वेगळीच अडचण येते. ‘मानापमान’ १९११ सालीं आणि ‘स्वयंवर’ १९१६ सालीं रंगभूमीवर आलें. बालगंधर्वांना ज्यांनीं रंगभूमीवर पाहिलें, त्यांना तबकडींतून केवळ आवाज येत नसे. शालू दिसे, नजरेचा तो झोंक दिसे, ‘वन्स मोअर’चा कल्लोळ ऐकूं येई. त्यांच्या नातवाला मात्र त्याच तबकडींत आधीं खरखर ऐकूं येते, मग ऑर्गन, आणि त्यामागून एक दूरचा, नाजूक आवाज. आजोबा म्हणत, असें गाणें पुन्हां होणें नाहीं. नातू म्हणतो, यांत इतकें काय आहे? दोघेहि खोटें बोलत नाहींत. आजोबांनीं तबकडींत स्वतःची आठवण मिसळली होती, आणि नातवाने खरखरीलाच गाणें मानलें. नातवानें आठ दिवस धीर धरून ऐकलें, तर कान खरखर आपोआप बाजूस सारतो, आणि मग सुरांतली लडिवाळ लय त्यालाहि सांपडते.

अमरावतीच्या श्रोत्याला विशेष जवळची असावी अशी एक तबकडी याच पेटींत आहे. अमरावतीचे नाटककार वीर वामनराव जोशी यांचें ‘रणदुंदुभि’ हें नाटक १९२७ सालीं बळवंत संगीत मंडळीनें रंगभूमीवर आणलें. वामनराव स्वातंत्र्याच्या चळवळींतले लढवय्ये. पारतंत्र्याची खंत त्यांनीं पदांत घातली. वझेबुवांनीं चाली दिल्या आणि मास्टर दीनानाथांनीं तीं पदें अशा तडफेनें गाइलीं, कीं विजेचा लोळ अंगावरून जावा. १९४७ पूर्वीं तें गाणें ऐकणारास त्यांत स्वतःचें दुःख ऐकूं येई; नंतरच्या श्रोत्यास त्यांत प्रथम तानेची फेंक दिसते. शब्द तेच, सूर तेच. बदलला तो ऐकणारा. दीनानाथ १९४२ सालीं अवघ्या ४१ व्या वर्षीं गेले. त्यांचा आवाज कसा होता हें सांगणारें प्रत्यक्ष साधन आज या थोड्या तबकड्यांखेरीज दुसरें नाहीं. म्हणून अशी तबकडी फुटली कीं केवळ वस्तु मोडत नाहीं. एक साक्षीदार कमी होतो.

१९२५ च्या सुमारास विजेच्या साहाय्यानें मुद्रण होऊं लागलें आणि कर्ण्याच्या जागीं मायक्रोफोन आला. आतां ओरडण्याचें कारण उरलें नाहीं. हळू आवाजांत, जणूं शेजारीं बसून, कविता गातां येऊं लागली; मराठी भावगीताच्या वाढीस हें यंत्र पुष्कळ अंशीं कारण झालें. बुलढाणा जिल्ह्यांतील मेहकरचे कवि ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता ‘जी. एन.’ या आद्याक्षरांनीं घरोघरीं माहीत झालेले गायक जी. एन. जोशी यांच्या तबकडीनें महाराष्ट्रभर पोंचविली. मेहकरच्या एका वकिलाची कविता मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांत गुणगुणली जावी, ही गोष्ट त्या काळीं छापील पुस्तकाला साधती ना. कवीचा ‘शीळ’ हा संग्रह निघाला तो पुढें १९५४ सालीं. वऱ्हाडच्या श्रोत्याला त्यांत रानाचा वास येतो, तर शहरांतल्या श्रोत्याला केवळ एक गोड चाल आठवते. त्या गाण्याला दोन्ही प्रकारचे चाहते लाभले.

१९४८ सालीं अमेरिकेंत दीर्घवादी तबकडी निघाली. ३३⅓ फेऱ्यांची ही तबकडी एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक वाजे. हिंदुस्थानांत ती कांहीं वर्षांनीं रुळली. आतां अनेक गीतांची एकच माळ गुंफणें शक्य झालें. १९६७ सालचा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा अल्बम याचा उत्तम नमुना होय. संतूरवर शिवकुमार शर्मा, बांसरीवर हरिप्रसाद चौरसिया आणि गिटारवर ब्रिजभूषण काबरा यांनीं काश्मीरच्या एका मेंढपाळाचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत रागांतून उभा केला. या कल्पनेमागें ध्वनिमुद्रिका कंपनीच्या बाजूनें होते तेच जी. एन. जोशी, ज्यांनीं पूर्वीं तीन मिनिटांत ‘शीळ’ गाइली होती. अकोल्याच्या उन्हाळ्यांत, पारा ४५ अंशांच्या पुढें गेला असतां, ओल्या वाळ्याच्या पडद्याआड ही तबकडी ऐकणारास ती काश्मीरहून अधिक थंड भासते. परंतु यांतील एकच तुकडा आवडला म्हणून तेवढाच लावणें योग्य नव्हे. सकाळ वगळून रात्र ऐकली तर दिवस कळत नाहीं.

सगळींच मुद्रणें गोड गळ्याचीं नसतात. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवचे संत गाडगे महाराज यांच्या १९५६ सालीं मुंबईंत वांद्रे येथें झालेल्या कीर्तनाचें ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्याच वर्षीं २० डिसेंबर रोजीं महाराज निवर्तले. त्यांत रागदारी शोधणारा निराश होईल. पण श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढण्याची ती हातोटी, ती रोखठोक वऱ्हाडी बोली, आणि मध्येंच उठणारा नामाचा गजर छापील चरित्रांत सांपडत नाहीं. अमरावतींतच १९३२ सालीं जन्मलेले कवि सुरेश भट यांची गझलहि अशीच दोन रूपांनीं भेटते. हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीवर ती तबकडींतून आली तेव्हां तिला वाद्यांचा साज चढला. भटांनीं स्वतः म्हटलेली गझल ज्यांनीं ऐकली त्यांच्या कानांत मात्र तिचें बिनसाजाचें रूप आहे. यांपैकीं एकाला खरें आणि दुसऱ्याला खोटें ठरविण्याचा आग्रह व्यर्थ होय.

या सर्वांवरून श्रोत्याला एक साधा नियम हातीं लागतो. तबकडी आवडली वा नावडली, तर स्वतःस तीन प्रश्न विचारावे: यांत यंत्राच्या मर्यादेचा भाग किती, कलावंताच्या निवडीचा किती, आणि आपल्या आठवणींचा किती? हे तीन वेगळे केले म्हणजे जें मत उरतें, तें दुसऱ्यास सांगण्याजोगें असतें.

तथापि मत बनविण्यास आधीं तबकडी शाबूत राहिली पाहिजे. जुनी तबकडी मुख्यत्वें लाख आणि दगडाची भुकटी यांची असते. लाखेची बांगडी उन्हांत मऊ पडते हें वऱ्हाडांतील प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे, तबकडीचेंहि तेंच. ती उन्हाच्या भिंतीपासून दूर, आडवी एकावर एक न रचतां उभी ठेवावी. लोखंडी पिन प्रत्येक बाजूस नवी घालावी, कारण झिजलेली पिन रेघ खरवडते. पुसण्यास मऊ कोरडें फडकें पुरे. स्पिरिट कदापि लावूं नये, त्यांत लाख विरघळते. आणि शक्य तर जाणकाराकडून तिची नवी प्रत करून घ्यावी, म्हणजे मूळ तबकडीस विश्रांति मिळेल.

भंगाराच्या भावांत पेटी देऊन टाकण्यापूर्वीं घरांतल्या वडील माणसास जवळ बसवून तींतील तबकड्या एकवार वाजवाव्या, आणि कोणतें गाणें त्यांनीं केव्हां, कोणासमवेत ऐकलें होतें तें पाकिटावर लिहून ठेवावें. पुढच्या श्रोत्यास गाण्याबरोबर तेंहि उपयोगीं पडेल.