बघा, विचार करा, कामाला लागा

पोप फ्रान्सिस यांचं 'लाउदातो सी' हे विश्वपत्र जून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यावर जगभर परिसंवाद झाले, पुस्तकं निघाली. पृथ्वीचं दुखणं आणि गरिबाचं दुखणं वेगळं काढता येत नाही, हा त्याचा गाभा. दहा वर्षांनी मागे वळून पाहताना मला वाटतं, हा गाभा सगळ्यांत सरळपणे कळला तो प्राथमिक शाळेतल्या मुलांना. निदान इंग्लंडमधल्या कॅथलिक प्राथमिक शाळांबद्दल तरी मी हे मनापासून म्हणेन. चार ते अकरा वर्षांची ही मुलं. त्यांनी या काळात जे केलं त्याला कौतुकाच्या दोन ओळींपलीकडे फारशी जागा मिळालेली नाही.

या शाळांचं मूळ गरिबीत आहे, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. आयर्लंडमधल्या बटाट्याच्या दुष्काळानंतर लिव्हरपूल, मँचेस्टर, लंडनच्या गल्ल्यांत येऊन पडलेल्या मजुरांची मुलं या शाळांत शिकली. १८५० साली इंग्लंडमध्ये कॅथलिक बिशपांची व्यवस्था जवळजवळ तीन शतकांनी पुन्हा उभी राहिली, आणि १८५२ च्या वेस्टमिन्स्टर धर्मसभेत बिशपांनी कौल दिला तो शाळांच्या बाजूनं. चर्चची इमारत मागाहून झाली तरी चालेल, पण शाळा आधी. आज इंग्लंडमधल्या सरकारी खर्चानं चालणाऱ्या शाळांपैकी साधारण दहातली एक कॅथलिक आहे. आयरिश मुलांच्या बाकांवर नंतर पोलिश, नायजेरियन, फिलिपिनो, केरळी मुलं येऊन बसली. स्विंडनसारख्या गावात तर पोर्तुगीज पासपोर्टवर आलेल्या गोवेकरांची मोठी वस्तीच आहे. कॅथलिक नसलेली मुलंही या शाळांत बरीच असतात.

सेवेची जुनी सवय मात्र 'लाउदातो सी'च्या कितीतरी आधीची. १९६० साली प्रायश्चित्तकाळातल्या एका शुक्रवारी कॅथलिक महिलांच्या संघटनांनी कुटुंबानं मिळून उपास करण्याचं आवाहन केलं. घरात त्या दिवशी साधं जेवायचं आणि वाचलेले पैसे कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावर माता-बालकांच्या आरोग्याच्या कामाला पाठवायचे. त्यातून १९६२ मध्ये 'कॅफॉड' ही संस्था आकाराला आली. शाळांनी तो शुक्रवार उचलला, आणि सूप-पावाचं जेवण अजूनही अनेक ठिकाणी चालू आहे. मला हा उपास फार मोलाचा वाटतो. आईनं दिलेलं नाणं डब्यात टाकायला मुलाला काहीच पडत नाही. दुपारी पोट थोडं रिकामं राहिलं, की भूक म्हणजे काय याची निदान चुणूक मिळते.

पण बरीच वर्षं गाडी तिथेच अडली होती. पैसे दूरच्या देशाला जात आणि मुलांचं काम संपे. २००७ मध्ये वळण आलं. विकासावरच्या १९६७ च्या 'पोपुलोरुम प्रोग्रेसियो' या विश्वपत्राला चाळीस वर्षं झाली, त्या निमित्तानं साधेपणानं जगण्याची एक मोहीम निघाली आणि तिच्यातून पुढे कॅफॉडचा 'लिव्हसिंपली' हा सन्मान तयार झाला. तो धर्मग्रामांना मिळतो, शाळांनाही मिळतो. कसोट्या तीन: साधं राहणं, सृष्टीला ओरबाडून न घेणं आणि गरिबांच्या बाजूनं उभं राहणं. तिन्ही एकत्र हव्यात. नुसती बाग फुलवली तर जमत नाही, नुसता निधी जमवला तरी जमत नाही. २०१५ मध्ये पोपनी जे मांडलं, त्याची तालीम या शाळांत थोडी आधीच सुरू झाली होती.

याच काळात 'मिनी व्हिनीज' शाळाशाळांतून दिसू लागले. फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं १८३३ साली पॅरिसमध्ये मित्रांना घेऊन जी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी काढली, तिचीच ही बालशाखा. कल्पना ऑस्ट्रेलियातून आली. इंग्लंडमध्ये सात ते अकरा वर्षांची मुलं तिच्यात असतात, मिस्सेमध्ये त्यांना बिल्ला देऊन सेवेची जबाबदारी सोपवली जाते. त्यांच्या कामाची रीत तीन पायऱ्यांची: बघा, विचार करा, कामाला लागा. मधली पायरी गाळून चालत नाही, आणि या सगळ्या प्रयोगाचा जीव त्या मधल्या पायरीत आहे, असं माझं मत आहे.

फूड बँकेचंच उदाहरण घ्या. ऑक्टोबरच्या सुमाराला सुगीची प्रार्थना होते, घरोघरून डबे येतात आणि शाळेच्या हॉलमध्ये टेबलांवर त्यांची रास लागते. मुलं एकेक डबा फिरवून तळाची तारीख शोधतात, मुदत उलटलेले बाजूला काढतात. समोर फूड बँकेची यादी असते. टोमॅटोतला घेवडा आणि पास्ता बहुधा पुरेसा असतो. हवं असतं ते टिकाऊ दूध, डबाबंद फळं, लहान बाळांचे लंगोट. म्हणजे आपल्याला द्यायला सोपं काय आणि समोरच्याला लागतं काय, यातलं अंतर आठ वर्षांच्या मुलाला टेबलावरच मोजता येतं. मग यादीत आणखी एक गोष्ट दिसते: काही घरांसाठी फक्त किटलीतलं गरम पाणी ओतून तयार होणारे पदार्थ बांधून द्यायचे असतात. का? तर त्या घरांना शिधा मिळाला तरी तो शिजवण्याइतका गॅस किंवा वीज परवडत नाही. इथे मुलं थबकतात. वर्गातला दिवा उगाच जळू नये म्हणून जी फेरी मारतात, त्याच मुलांना कळतं की गावातल्या एखाद्या घरात दिवा आणि शेगडी यांतलं एकच निवडावं लागतं. विजेची उधळपट्टी आणि विजेची टंचाई एकाच रस्त्यावर, दोन दारं सोडून नांदते. हे कुठल्याही पाठ्यपुस्तकातून इतकं नीट शिकवता आलं नसतं.

आणि त्या मुलांच्या डब्यांनी भूक मिटली का? नाही. 'ट्रसेल' या सगळ्यांत मोठ्या जाळ्यातल्या फूड बँकांनी २०१५-१६ मध्ये सुमारे ११ लाख शिधापिशव्या वाटल्या होत्या. २०२३-२४ मध्ये हा आकडा ३१ लाखांच्या वर गेला. मुलांनी दरवर्षी मनापासून रास लावली आणि गरज तिच्या कितीतरी पुढे धावली. म्हणूनच दान करणाऱ्या मुलांना 'हे असं का?' असं विचारायला शिकवणं मला दानापेक्षाही महत्त्वाचं वाटतं. इंग्लंडमधल्या चांगल्या शाळांनी ते शिकवलं, खासदारांना पत्रं लिहायला लावली. सगळ्यांनी नाही.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि सारं थांबलं. वृद्धाश्रमांना चित्रं आणि पत्रं गेली, खिडक्यांत इंद्रधनुष्यं लागली. त्या दीड वर्षाबद्दल आणखी लिहिण्यासारखं फारसं नाही, दु:खच अधिक होतं. पण २०२१ मध्ये कॉर्नवॉलला जी-७ आणि ग्लासगोला हवामान परिषद भरली, तेव्हा कॅफॉडच्या मोहिमेत शाळांनी डोळ्यांची चित्रं काढली. जगाचे डोळे तुमच्याकडे लागले आहेत, हे नेत्यांना सांगण्यासाठी. मत देण्याचा हक्क नसलेल्यांनी नोंदवलेली ती हजेरी होती, आणि तिच्यात प्रार्थना व मागणी यांचा तोच मेळ होता जो १९९८ मध्ये त्यांच्या आईवडिलांच्या पिढीनं बर्मिंगहॅममध्ये पाहिला होता. गरीब देशांची कर्जं माफ करा म्हणून तेव्हा सत्तर हजार माणसं हातात हात घालून उभी राहिली होती. २०२५ च्या ज्युबिली वर्षात कर्जमाफीची ती मागणी पुन्हा पुढे आली.

मला खटकतं तेही सांगायला हवं. सन्मान आला की पाटी आली, पाटी आली की ती प्रवेशद्वाराशी लावण्याची घाई आली. काही ठिकाणी कीटकांसाठी लाकडी घर बांधलं जातं, फोटो निघतो आणि पुढच्या वर्षी ते घर कुणाच्या लक्षातही नसतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मुलांच्या खांद्यावर टाकलेलं ओझं. मूल कागद वाचवतं, तेव्हा शाळेचा बॉयलर गॅसवरच चालू असतो, आणि तो बदलण्याचे पैसे मुलाच्या हातात नसतात. मोठ्यांच्या वाट्याचं काम मोठ्यांनी करायचं. ते काही अंशी झालं, याचं समाधान आहे. इंग्लंडमधल्या अनेक धर्मप्रांतांनी कोळसा-तेलाच्या कंपन्यांतली आपली गुंतवणूक काढून घेतली. सॅल्फर्डच्या धर्मप्रांतानं वॉर्डली हॉल या बिशपांच्या निवासाच्या आवारात 'लाउदातो सी केंद्र' उभारलं. १६४१ मध्ये श्रद्धेपायी फाशी गेलेल्या संत अँब्रोज बार्लो यांची कवटी ज्या वास्तूत जपून ठेवली आहे, तिच्याच बागेत आज मँचेस्टर परिसरातल्या शाळांची मुलं मातीत हात घालतात. जुन्या हुतात्म्याच्या शेजारी मधमाश्या आणि भाजीचे वाफे, ही जोडी मला अतिशय योग्य वाटते.

अलीकडचा सगळ्यांत टिकाऊ बदल पुस्तकी आहे, म्हणून त्याची चर्चा कमी झाली. २०२३ मध्ये कॅथलिक शाळांसाठी धर्मशिक्षणाचा नवा आराखडा आला. त्यात प्रत्येक इयत्तेचं वर्ष सृष्टी आणि देवाचा करार या विषयानं सुरू होतं, आणि ऐकणं, मानणं, साजरं करणं यांच्या जोडीला जगणं हाही अभ्यासाचाच भाग धरला आहे. म्हणजे हौशी शिक्षिका बदलून गेली तरी काम पोरकं होत नाही. एकेका उत्साही माणसावर उभं राहिलेलं सेवाकार्य त्याच्या बदलीबरोबर मोडतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

हे वाचणाऱ्या वसईकरांना फादर फ्रान्सिस दिब्रिटो आठवतील. 'लाउदातो सी' यायच्या पंचवीस वर्षं आधी हरित वसईसाठी त्यांनी लोकांना रस्त्यावर आणलं होतं. पाणी, शेत आणि श्रद्धा हे एकाच तोंडानं बोलण्याचे विषय आहेत, हे आपल्याकडे त्यांनी सांगितलं. जुलै २०२४ मध्ये ते गेले. इंग्लंडमधली शाळा मुलांसाठी मुद्दाम खड्डा खणून तळं तयार करते, आणि आपल्या वाड्यांमधली शेकडो वर्षांची बावखलं, म्हणजे गोड्या पाण्याची तळी, बुजवली जात आहेत. चर्चमध्ये सृष्टीचा काळ १ सप्टेंबरपासून ४ ऑक्टोबरला, संत फ्रान्सिस असिसीकरांच्या सणापर्यंत पाळतात, आणि पावसाळा संपताना बावखलं तेव्हाच तुडुंब असतात. वसईतल्या प्रत्येक धर्मग्रामाच्या शाळेनं तिसरी-चौथीच्या मुलांना त्या पाच आठवड्यांत आपल्या परिसरातली बावखलं मोजायला, त्यांचा नकाशा काढायला आणि तो महापालिकेच्या अधिकाऱ्यांपुढे मांडायला न्यावं. बघणं आणि विचार करणं मुलांकडून होईल. बुजवाबुजव थांबवण्याचं काम मात्र आपलं आहे.