पेटीमासा : घरातील खाऱ्या पाण्याच्या टाकीत

उष्ण समुद्रातील प्रवाळखडकांच्या आसऱ्याने राहणाऱ्या माशांमध्ये पेटीमाशाइतका चमत्कारिक दिसणारा प्राणी विरळाच. मासा म्हटला की लवचीक अंगाचा, शेपटीच्या फटकाऱ्याने पाणी कापीत जाणारा जीव डोळ्यांपुढे उभा राहतो. पेटीमाशाचे तसे नाही. त्याच्या त्वचेखाली षट्कोनी अस्थिपट्टांची, मधमाश्यांच्या पोळ्याची आठवण करून देणारी जुळणी होऊन एक कठीण कवच बनलेले असते, आणि त्यात डोळे, तोंड, कल्ल्यांच्या फटी, पर व शेपटी एवढ्यांपुरतीच जागा मोकळी राहते. अंग वाकवता येत नसल्यामुळे तो पाठीचा, पोटाकडचा आणि छातीचे पर भराभर हलवून पोहतो. शेपटी बहुतांशी सुकाणूच्या कामी येते. एका जर्मन मोटार कंपनीने २००५ साली या माशाच्या घडणीवरून एक प्रायोगिक मोटारगाडी तयार केली होती. हा आकार पाण्याला फारच कमी अडवतो अशी त्यामागील समजूत होती. पुढे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ती खोटी ठरवली. वेगापेक्षा जागच्या जागी झटकन वळणे, हाच या आकाराचा खरा लाभ होय.

पेटीमाशांपैकी दोन जाती शौकिनांच्या विशेष परिचयाच्या आहेत. पहिली पिवळ्या पेटीमाशाची, आणि दुसरी कपाळावर गाईसारखी दोन शिंगे असलेल्या पेटीमाशाची. दोहोंची शास्त्रीय नावे लिनियसने १७५८ साली नोंदली. हिंदी महासागरात व पश्चिम पॅसिफिकमध्ये दोन्ही जाती दूरवर पसरल्या असून भारताच्या बाजूने मन्नारचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमान या प्रवाळमय भागांतील पाणी त्यांना मानवते.

दुकानात दिसते ते बहुधा पिल्लू असते. लिंबाएवढे किंवा त्याहूनही लहान, हळदीसारखे पिवळेधमक, अंगावर काळे ठिपके, आणि ओठ पुढे काढून काही विचारीत असल्यासारखा चेहरा. मुलेच काय, मोठी माणसेही या रूपाला भुलतात. परंतु हे रूप टिकणारे नव्हे. वय वाढते तसा पिवळा रंग मळकट, मोहरीसारखा वा निळसर होत जातो, आणि मासा वाढतच राहतो. दोन्ही जातींचे पूर्ण वाढलेले मासे सुमारे ४५ सेंटीमीटर, म्हणजे दीड फुटापर्यंत भरू शकतात. ही गोष्ट विकणारा सहसा आपण होऊन सांगत नाही.

दुसरी न सांगितली जाणारी गोष्ट याहून गंभीर आहे. पेटीमासा घाबरला, जखमी झाला किंवा मरणाच्या दारी पोहोचला, की त्याच्या त्वचेतून एक विषारी स्राव पाण्यात मिसळतो. डोनाल्ड थॉमसन या अमेरिकन संशोधकाने १९६४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातून त्याचे वर्णन केले. १९६७ मध्ये बॉयलन व शॉयर या दोघांनी हवाई बेटांवर त्याची रासायनिक रचना उलगडली, आणि तेथील लोक या माशाला ‘पाहू’ म्हणतात म्हणून विषाला ‘पाहूटॉक्सिन’ असे नाव दिले. या द्रव्याचा गुण काहीसा साबणासारखा असतो. ते इतर माशांच्या कल्ल्यांवर आघात करते आणि तांबड्या रक्तपेशी फोडते. समुद्रात लाटेबरोबर ते पाहता पाहता विरून जाते. शत्रूला दूर ठेवण्यापुरताच त्याचा प्रभाव उरतो. चार काचांच्या आत मात्र त्याला जायला वाट नसते. संध्याकाळी हसतखेळत असलेली टाकी सकाळी निर्जीव आढळल्याची उदाहरणे शौकिनांत सर्वश्रुत आहेत, आणि अशा वेळी पेटीमासाही आपल्याच विषातून वाचेल याची खात्री नसते. शंका येताच उरलेले मासे आधी तयार ठेवलेल्या दुसऱ्या खाऱ्या पाण्यात हलवणे, टाकीतील बरेचसे पाणी काढून टाकणे आणि नवा सक्रिय कोळसा गाळणीत घालणे एवढेच हातात असते. यासाठी तयार खारे पाणी घरात नेहमी शिल्लक असावे लागते.

टाकीच्या आकाराचा विचार या पार्श्वभूमीवर केला पाहिजे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद व तितकीच उंच टाकी पिल्लाला काही काळ पुरेल. तिच्यात जेमतेम १८० लिटर पाणी मावते. वाढलेल्या माशासाठी सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी ही माफक अपेक्षा म्हणावी लागेल. तीत सुमारे ६८० लिटर पाणी राहते. काच, वाळू व दगड धरून हा भार सातशे किलोग्रॅमच्या पुढे जातो. वरच्या मजल्यावरील घरात अशी टाकी बसवण्यापूर्वी जमिनीची भारक्षमता जाणकाराकडून तपासून घ्यावी.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्या हिशेबाने मोठ्या टाकीला पहिल्याच वेळी जवळजवळ चोवीस किलोग्रॅम कृत्रिम समुद्री मीठ लागते. स्वयंपाकाच्या मिठाने हे काम होत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींचे क्षारही ठरावीक प्रमाणात असतात. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२५, तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस आणि सामू ८.१ ते ८.४ यांच्या दरम्यान ठेवावा. नवशिक्यांची एक नेहमीची चूक येथे सांगितली पाहिजे. टाकीतील पाणी वाफ होऊन कमी झाले म्हणजे ते खारे पाणी घालून भरून काढतात. वाफेबरोबर मीठ जात नसते. तेव्हा भर गोड्या, शुद्ध पाण्याचीच घालावयाची. चेन्नई किंवा नागपूर येथील उन्हाळ्यात तापमान आटोक्यात ठेवण्यास पाणी थंड करणारे यंत्र लागते, आणि वीज गेली तर विजेरीवर चालणारा हवापंप लागतो. ऊन पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि मासे ऊन पाण्यात त्याची मागणी अधिक करतात.

मासा आणण्याआधी टाकी चार ते सहा आठवडे ‘पिकू’ द्यावी लागते. या काळात वाळू, दगड व गाळणी यांवर जिवाणूंची वस्ती होते. माशाच्या उत्सर्जनातून व कुजणाऱ्या अन्नातून निघणाऱ्या अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणे हे त्यांचे काम. खाऱ्या पाण्याचा सामू जास्त असल्यामुळे तेथे अमोनिया गोड्या पाण्यातल्यापेक्षा अधिक घातक ठरतो. चाचणीत अमोनिया व नायट्राइट शून्य दिसेपर्यंत थांबणे, ही शौकिनाच्या संयमाची पहिली परीक्षा होय. टाकीच्या सजावटीसाठी किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणणे हा आपल्या देशात गुन्हा आहे. प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र मिळालेले आहे.

आता खाद्याकडे वळू. पेटीमाशाच्या मृत्यूचे कारण पुष्कळदा रोग नसून उपासमार असते, आणि तीही भरल्या टाकीत. समुद्रात हा मासा दिवसभर टिपत असतो. शेवाळ, स्पंज, वाळूतील कृमी, बारीक कवचधारी प्राणी, लहान शिंपले हे त्याचे अन्न. तोंडातून पाण्याची चिळकांडी सोडून वाळू उडवायची आणि खाली दडलेले भक्ष्य टिपायचे, ही शिंगवाल्या जातीची खास रीत. असा चरणारा प्राणी दिवसातून एकदा दिलेल्या चिमूटभर कोरड्या खाद्यावर जगत नाही. शिवाय त्याचे तोंड इवलेसे आणि पोहणे मंद. चपळ सोबती त्याच्या ओठांपुढून घास पळवतात.

नव्या माशाला पहिल्या दिवसांत जिवंत आर्टेमिया द्यावा, किंवा तिसरीचा शिंपला उघडून मांसासह तळाशी ठेवावा. न हालणारे खाद्य ओळखायला त्याला वेळ लागतो, परंतु उघडा शिंपला दिसला की भित्रा पेटीमासाही सहसा जवळ येतो. एकदा खाऊ लागला म्हणजे गोठवून ठेवलेली कोळंबी, माकूळ, तिसऱ्या आणि बिनमिठाचा ताजा जवळा मुगाच्या दाण्याएवढा चिरून दिवसातून तीन-चार वेळा थोडा थोडा द्यावा. त्याच्या जोडीला समुद्री शेवाळही हवे. वाळवलेल्या शेवाळाची पट्टी चिमट्यात धरून काचेला लावली की तो ती कुरतडीत बसतो. एकाच प्रकारच्या कच्च्या मासळीवर त्याला ठेवू नये. काही मासळीत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते, आणि त्याचा परिणाम कित्येक महिन्यांनी दिसतो. तरंगते खाद्य टाळावे, कारण पृष्ठभागावर घास घेताना मासा हवा गिळतो. तासाभरात न संपलेले अन्न नळीने ओढून काढावे, नाहीतर तेच अमोनियाला निमंत्रण ठरते.

मासा पुरेसे खातो की नाही, हे त्याच्या तळाशी पाहून कळते. कवचामुळे पाठ व कुशी कधीच खंगलेल्या दिसत नाहीत. पण पोटाची सपाट बाजू आत खपाटीला गेली असेल, तर उपासमार बरीच पुढे गेली आहे असे समजावे. विकत घेतानाही हीच बाजू आधी पाहावी, आणि दुकानदाराला समोर खाऊ घालायला सांगावे. खात नसलेला मासा कितीही गोंडस असला तरी तेथेच राहू द्यावा. अशा माशांवर दया करून त्यांना घरी नेणारे लोक नकळत आणखी मासे पकडले जाण्यास हातभार लावतात. विक्रीला येणारे पेटीमासे टाकीत पैदास झालेले नसून समुद्रातूनच पकडलेले असतात.

सोबती निवडताना शांत आणि मंद मासेच घ्यावेत. चावरे मासे पेटीमाशाचे पर कुरतडतात, आणि तो घाबरला म्हणजे काय होते ते वर आलेच आहे. प्रवाळांची टाकीही त्याला योग्य नाही, कारण नळीत राहणारे कृमी तो मिटक्या मारीत खातो. त्याच्या अंगावर नेहमीचे खवले नसल्यामुळे तांब्याची औषधे जपून, शक्यतो तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच वापरावीत. म्हणून नवा मासा निदान चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणे बरे. त्याला हलवताना जाळे वापरू नये. पाण्यासह भांड्यात घेऊन हलवावे, म्हणजे तो हवेत येत नाही. काळोखात अचानक लागलेल्या दिव्यानेही तो दचकतो. तेव्हा सकाळी आधी खोलीतला दिवा लावावा, काही वेळाने टाकीतला. रात्री टाकीतला आधी मालवावा, आणि खोलीतला मागाहून.